यंत्राचे शून्य आणि आमची मुले

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तिन्ही शहरांचे पिनकोड ४२१ या अंकांनी सुरू होतात. कळफलकावर ते टंकले की संगणकाच्या लेखी ती संख्या नसते, नुसती तीन चिन्हे असतात. म्हणूनच अनेक संगणकीय भाषांत मजकूर म्हणून दिलेल्या ५ आणि ३ यांची बेरीज आठ न होता ५३ होते. मजकुराची संख्या करण्याची रीत सोपी आहे. प्रत्येक चिन्हाच्या सांकेतिक क्रमांकातून शून्याचा क्रमांक वजा करावा. आधीच्या उत्तराला दहाने गुणून हा अंक त्यात मिळवावा. आधी ४, मग ४२, मग ४२१. तयार आज्ञा वापरण्यापूर्वी आमच्या विद्यार्थ्यांनी ही रीत एकदा कागदावर करावी, असे आमचे मत आहे.

कारण या लहानशा पायरीवर मोठा अन्याय घडू शकतो. गुणांच्या रकान्यात 'गैरहजर' असे लिहिलेले असले आणि आज्ञावलीत सी भाषेतील 'एटॉय' ही जुनी आज्ञा वापरली, तर उत्तर शून्य येते. तक्रार येत नाही. तापाने अंथरुणाला खिळलेली मुलगी आणि कोरी उत्तरपत्रिका देणारा मुलगा एकाच शून्यात जमा होतात. पायथन तेथेच थांबते व चूक दाखविते. थांबणारे यंत्र त्रासदायक वाटते खरे. पण मुकाट्याने खोटा आकडा देणाऱ्यापेक्षा ते बरे.

दुसरी गोष्ट वसतिगृहातली. एका मुलाने ऑनलाइन अर्जात जन्मवर्ष देवनागरी अंकांत भरले आणि लाल शेरा आला. "सर, माझं चुकलं का?" त्याने विचारले. त्याचे चुकले नव्हते. युनिकोडमध्ये इंग्रजी शून्याचा क्रमांक ४८, तर देवनागरी शून्याचा २४०६ आहे. पायथन व जावा देवनागरी अंकांची संख्या बिनतक्रार करतात. जावास्क्रिप्टची नेहमीची आज्ञा 'ही संख्या नव्हे' असे सांगते. आज्ञावली लिहिणाऱ्याने आपली लिपी लक्षात घेतली नव्हती, एवढेच. ज्या घरांत पहिलीच पिढी शिकत आहे, तेथील मुले यंत्राचा नकार ही स्वतःची अपात्रता समजतात. हे आम्हांस मान्य नाही.

प्रत्येक अंकाची संख्या करावी असेही नाही. पिनकोडांची बेरीज कोणी करीत नाही. '००७' या नोंदणी क्रमांकाची संख्या केली की पुढची शून्ये नाहीशी होतात आणि नोंद सापडेनाशी होते.

चिन्हांवरून संख्या वाचण्याचे काम आपल्या परिसराला नवे नाही. अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेखाचा शक प्रारंभी ७८२ असा वाचला गेला होता. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो ९८२, म्हणजे इ.स. १०६०, असल्याचे दाखविले. एका अंकाने दोनशे वर्षांचा फरक पडला. शिलेकडे फिरून पाहिले गेले म्हणून तो दुरुस्त झाला.

संगणकाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या आमच्या माजी विद्यार्थ्यांना म्हणून एक विनंती. एखाद्या रविवारी वसतिगृहात यावे आणि मुलांकडून एक छोटी आज्ञावली लिहून घ्यावी : जी देवनागरी अंक ओळखेल आणि गैरहजर मुलाला शून्य गुण देणार नाही.