रस्त्याच्या आठ पै कोठें गेल्या ?



तलाठ्यानें दिलेली महसुलाची पावती घरांत असेल तर आज ती फळीवरून खालीं काढा आणि वाचा. आपणांस वाचतां येत नसेल तर पोराकडून वाचवून घ्या. त्यासाठींच त्याला शाळेंत बसविलें आहे. साऱ्याच्या जोडीला जिल्हा परिषदेचा आणि ग्रामपंचायतीचा उपकर तेथें मांडलेला दिसेल. रक्कम इतकी लहान कीं तिच्याकडे कोणी दुसऱ्यांदा पाहत नाहीं. पण ह्या लहान रकमेचा इतिहास मोठा आहे, आणि तुमच्या दारापुढच्या चिखलाचें मूळ त्यांतच आहे.

इंग्रज सरकारानें १८६९ सालीं मुंबई इलाख्यांत लोकल फंडाचा कायदा केला. साऱ्याच्या दर रुपयामागें एक आणा जादा. त्या आण्याचे दोन हिस्से रस्ते, विहिरी वगैरे कामांस आणि एक हिस्सा शाळांस. आणा बारा पैंचा. म्हणजे आठ पै रस्त्याच्या, चार पै शाळेच्या. तुमची गाडीवाट आणि माझा फळा हीं एकाच आण्याचीं लेंकरें आहेत. तेव्हां शाळामास्तरानें रस्त्याच्या भानगडींत कां पडावें, असें कोणी विचारूं नये.

आणा कुणब्यानें द्यावा आणि तो कोठें खर्चावा हें साहेबानें ठरवावें, अशी ती रीत होती. जोतीराव फुल्यांनीं ह्या लोकल फंडाचा समाचार घेतला तो उगाच नव्हे. पुण्याहून जुन्या वाटेनें साताऱ्याकडे येतांना कात्रजचा बोगदा लागतो. त्या कामांत जोतीरावांचा ठेका होता, हें आपल्यांतल्या किती जणांना ठाऊक आहे ? खडी कशी फोडतात, चुना कसा मुरवतात आणि माप कोठें चोरतात, हें त्यांनीं उन्हांत उभें राहून पाहिलें होतें. बांधकाम खात्याच्या लबाडीवर त्यांनीं लिहिलें तें म्हणून झोंबलें. १८७६ पासून कांहीं वर्षें ते पुणें म्युनिसिपालिटीचे सभासद होते. लॉर्ड लिटन येणार म्हणून शहर शृंगारण्यास लोकांच्या पट्टीचा पैसा खर्चण्याचा ठराव आला, तेव्हां त्यास विरोध करणारे ते एकटेच. आज मंत्र्याची गाडी यावयाची असली कीं ती ज्या वाटेनें जाणार तेवढ्याच वाटेचे खड्डे आदल्या रात्रीं बुजतात. लिटन गेला, पण त्याच्या पायाखालची वाट आम्ही अजून सारवतोंच आहों.

पुढचा इतिहास थोडक्यांत सांगतों. १८८४ सालीं लोकल बोर्डें आलीं. नांव स्थानिक स्वराज्याचें, पण बराच काळ जिल्हा बोर्डाचा अध्यक्ष खुद्द कलेक्टर. १९२३ च्या कायद्यानंतर दिवस पालटले, साताऱ्यांत ब्राह्मणेतर पक्षाचा जोर झाला आणि नांगर धरणाऱ्याचीं पोरें बोर्डाच्या खुर्चीवर बसूं लागलीं. १९४३ ते १९४६ ह्या काळांत ह्याच मातींत नाना पाटलांच्या प्रतिसरकारानें गांवोगांव लोकांचीं न्यायमंडळें चालविलीं. १९४९ मध्यें दक्षिण सातारा वेगळा झाला, १९६० मध्यें त्याला सांगली जिल्हा हें नांव मिळालें. आणि १ मे १९६२ रोजीं जिल्हा परिषदा उभ्या राहिल्या तेव्हां मुख्यमंत्री होते देवराष्ट्र्याचे यशवंतराव चव्हाण. म्हणजे आमच्याच शिवारांतला माणूस.

आतां सांगा, बोट कोणाकडे दाखवावें ? आमचे आजे म्हणत असत, "आपलीं माणसें बोर्डांत जाऊं द्या, मग पाहा." गेलीं. एक पिढी गेली, दुसरी गेली, तिसरी बसली आहे. बोर्डांत आपला, कारखान्यांत आपला, बँकेंत आपला, आणि ठेका घेणाराही आपलाच. पुष्कळदा सभापतीचा मेहुणा. भटशेटजींच्या नांवानें खडे फोडण्याची सोय आतां उरली नाहीं. कुंपण आपण लावलें, आपल्याच शेतांतलें लांकूड तासून लावलें, आणि तेंच शेत खात आहे. हें लिहितांना मला लाज वाटते, पण न लिहिण्याची लाज त्याहून मोठी आहे.

नुकतीच घडलेली गोष्ट घ्या. घटनेच्या २४३-ई कलमांत स्पष्ट आहे कीं पंचायतीची मुदत पांच वर्षें, त्याहून एक दिवस अधिक नाहीं, आणि ती संपण्यापूर्वीं नवी निवडणूक झालीच पाहिजे. सातारा व सांगली ह्या दोन्ही जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्यें संपली. मग निवडणूक झाली काय ? नाहीं. मुख्य कार्यकारी अधिकारी हाच प्रशासक झाला. काम सुचविणारा तोच, मंजूर करणारा तोच, त्यावर जाब विचारणाराही तोच ! १८८४ चा कलेक्टर-अध्यक्ष वाजतगाजत परत आला आणि आपण त्याला हारही घातले.

कारण काय सांगितलें ? इतर मागासवर्गांच्या जागांचा वाद न्यायालयांत आहे. म्हणजे सुताराच्या, लोहाराच्या, कुंभाराच्या जागेचें नांव पुढें करून सगळ्यांचीच जागा रिकामी ठेवली. वाद खोटा होता असें मी म्हणत नाहीं. पण वाद चालूं असतां सत्ता कोणाच्या हातीं राहिली, तें पाहा. सर्वोच्च न्यायालयानें ६ मे २०२५ रोजीं चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून बजावलें; तेही महिने उलटले. नगरपालिकांचें मतदान झालें तें २ डिसेंबर २०२५ ला, आणि जिल्हा परिषदांची पाळी त्याच्याही मागून आली. एवढ्या काळांत गांवच्या वाटेनें किती पावसाळे गेले तें ज्यानें त्यानें आपल्या बैलाला विचारावें. आणि खरें दुखणें असें, कीं ह्या चार वर्षांत "आमचा सभासद कोठें आहे ?" म्हणून एकाही चावडीवर ओरड झाल्याचें मीं पाहिलें नाहीं. सभासद होता तेव्हां तो रस्त्यासाठीं नव्हताच, म्हणून नसल्याचें कोणास जाणवलें नाहीं.

आतां रस्ता कोणाचा, हा घोळ. १९४३ सालीं नागपुरास इंजिनियर मंडळी जमली आणि त्यांनीं देशांतल्या रस्त्यांची वर्गवारी ठरविली; राष्ट्रीय मार्गापासून ग्राममार्गापर्यंत उतरंड लागली. आज राज्यमार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, इतर जिल्हा मार्ग व ग्राममार्ग जिल्हा परिषदेकडे, गांवठाणांतली गल्ली ग्रामपंचायतीकडे. खड्ड्याला हें ठाऊक नसतें, पण कारकुनाला पक्कें ठाऊक असतें. तुम्ही ह्या कचेरींत गेलां कीं तो म्हणतो, "हा रस्ता आमचा नव्हे." त्या कचेरींत गेलां कीं तेंच. म्हणून अर्ज लिहितांना रस्त्याचा वर्ग व क्रमांक पहिल्या ओळींत लिहावा. कारकुनाची निम्मी वाचा तेथेंच बसते.

प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २००० सालीं निघाली. तिच्या रस्त्यास पांच वर्षें देखभाल करण्याचा बोजा ठेकेदाराच्या करारांतच असतो. तें रस्त्याच्या तोंडाशीं फलकावर लिहिलेलें असतें. खड्डा पडला तर नवा निधी मागावयाचा नसतो, त्याच ठेकेदाराला घरून उठवून आणावयाचा असतो. पण त्या फलकावर कोणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचें फ्लेक्स ताणलेलें असतें. फ्लेक्स वर करून खालचें वाचावें. एवढ्यानें तुरुंग होत नाहीं.

माझ्या शाळेकडे येणाऱ्या वाटेवर एके सालीं डांबर पडलें. पहिल्या पावसांत कडा निखळल्या. त्या आठवड्यांत सातवीला घनफळाचा धडा चालूं होता. गांवांतल्या एका सुताराच्या मुलानें माहितीच्या अधिकाराखालीं दहा रुपयांचा अर्ज देऊन अंदाजपत्रकाची नक्कल आणिली होती : लांबी एक किलोमीटर, रुंदी तीन मीटर, वरचा डांबरी थर वीस मिलिमीटर. मीं फळ्यावर गणित मांडलें. हजार गुणिले तीन गुणिले दोन शतांश, म्हणजे साठ घनमीटर माल. मग पोरें पट्ट्या घेऊन बाहेर गेलीं आणि निखळलेल्या कडेला थर मोजूं लागलीं. बारा ठिकाणीं मोजला, सरासरी बारा मिलिमीटर आली. त्या हिशेबानें माल छत्तीस घनमीटर. "गुरुजी, चोवीस घनमीटर कोठें गेला ?" असें एका मुलीनें विचारलें. गणिताच्या पुस्तकाच्या पाठीमागें उत्तरें असतात, पण हें नव्हतें. रस्ता कोणत्या खात्याचा, ठेकेदार कोण, हें मी लिहीत नाहीं. मी पगारी नोकर आहें आणि बदलीचा कागद डांबरापेक्षां लवकर पसरतो.

आतां दुसऱ्यांना शिव्या देऊन झाल्या. थोडें आपल्याकडे वळूं. पाणंद कोणीं खाल्ली ? ठेकेदारानें नव्हे, सरकारानें नव्हे. आपण. गांवच्या नकाशावर दोन गाड्या सहज जातील एवढी वाट दाखविलेली आहे. ह्या बाजूचा शेतकरी दरसाल एक तास जास्त मारतो, त्या बाजूचा दुसरें. बांध कोरत कोरत वीस वर्षांत वाटेची सरी होते. मग कार्तिकांत उसाची तोड येते, ट्रॅक्टर बांधापर्यंत पोंचत नाहीं, मोळ्या डोक्यावर काढाव्या लागतात, तोडणीवाला जादा मागतो, फडाला तुरे येतात आणि वजन घटतें. तेव्हां तोच बांधकोऱ्या चावडीवर येऊन सरकारच्या नांवानें बोंब ठोकतो. एका फुटाच्या जमिनीसाठीं आपण वर्षाला किती टन ऊस वाळवितों, ह्याचें त्रैराशिक कोणी मांडीत नाहीं. सख्खे भाऊ कोर्टांत उभे आहेत, आणि वकिलाच्या घरापुढचा रस्ता मात्र गुळगुळीत आहे.

ह्याला तोड नाहीं असें नाहीं. मामलेदार कोर्ट कायदा १९०६ चा आहे. त्याच्या पांचव्या कलमानें वहिवाटीच्या वाटेवरचा अडथळा तहसीलदार काढवूं शकतो. जमीन महसूल कायदा १९६६ चा; त्याच्या १४३ व्या कलमानें ज्याला शेतांत जावयास वाटच नाहीं त्याला बांधावरून वाट मागतां येते. २०२१ मध्यें सरकारनें मातोश्रींच्या नांवानें पाणंद रस्त्यांची योजना काढली आणि तिच्यांत मजुरी रोजगार हमींतून धरली. रोजगार हमीची कल्पना तरी कोठली ? तासगांव तालुक्यांतल्या विसापुरीं वि. स. पागे ह्यांनीं तिचा पहिला प्रयोग केला. बी आमच्या शिवारांतलें, आणि आम्हीच दुसऱ्याच्या पिकाकडे पाहत बसलों आहों. पण ह्यांतलें कोणतेंही कलम घ्या, आधीं दोन्ही बांधांवरच्या माणसांनीं नांगर मागें घेतला पाहिजे. तें कलम कायद्यांत नाहीं.

आणखी एक वाट आहे, तिच्याविषयीं सभेंत कोणी बोलत नाहीं. डिसेंबर २०२० मध्यें सरकारनें वस्त्यांचीं जातिवाचक नांवें काढून टाकण्याचा निर्णय घेतला. चांगलें केलें. पण गांवाच्या बाहेरच्या त्या वस्तीकडे जाणारी वाट पाहा. फलक नवा, चिखल जुना. गांवचा रस्ता पाटलाच्या दारापासून सुरू होतो आणि निधी नेमका त्या वस्तीच्या अलीकडे संपतो. ज्या घरांनीं गांवचे रस्ते झाडले, त्यांच्याच दारीं खडी पडत नाहीं. आपण स्वतःला सत्यशोधकांचे वारस म्हणवितों. ह्या वाटेनें एकदां पायांतलें काढून चालून यावें.

गांवानें ठरविलें तर काय होत नाहीं ? कडेगांव तालुक्यांतल्या मोहित्यांचे वडगांवनें २०२२ सालीं ठरविलें कीं संध्याकाळीं सात वाजतां भोंगा होईल आणि घरोघर टीव्ही व मोबाईल बंद राहून पोरें अभ्यासाला बसतील. त्याच वर्षीं शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यांत हेरवाड गांवानें विधवांच्या बांगड्या फोडण्याची व कुंकू पुसण्याची रीत बंद करण्याचा ठराव केला. ह्यासाठीं मुंबईहून निधी आला नव्हता. ज्या सभेला घराच्या आंतली रूढी बदलतां येते, तिला दाराबाहेरच्या खडीचें माप मागतां येणार नाहीं काय ?

येईल, पण सभा भरली पाहिजे. ग्रामसभेला मतदारांपैकीं शेंकडा पंधरा किंवा शंभर, ह्यांतले जे कमी तितके लोक लागतात. शंभर माणसें ! आमच्या गांवीं जत्रेच्या तमाशाला ह्याच्या दसपट बसतात. शंभर जमत नाहींत, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला ही संख्या लागत नाहीं. मग दहाबारा असामी बसतात, आधीं लिहून ठेवलेला ठराव वाचला जातो, आणि सगळ्या गांवानें एकमतानें मंजूर केलें असें बुकांत चढतें. ज्याला रस्ता खावयाचा असतो त्याला तुमच्या होकाराची गरज नसते. तुम्ही घरीं राहिलां कीं त्याचें काम झालें. बायकांची सभा मुख्य सभेच्या आधीं घ्यावयाची असते. तिची दवंडी कोणीं कधीं ऐकली काय? डोक्यावर हंडा घेऊन चिखल तुडवितात त्या बायकाच, आणि खड्डा कोठें आहे तें पायांनीं सांगतात त्याही बायकाच.

आमच्या गांवच्या मागल्या सभेंत त्या बारा मोजमापांचा कागद मीं मुलांकरवीं वाचविला. एका पुढाऱ्यानें सांगितलें, "मास्तरांनीं शाळेंत शिकवावें." मीं म्हटलें, शाळेंतच शिकविलें आहे, म्हणून तर आकडा बरोबर आला. लोक हंसले, पण हात वर करावयाच्या वेळीं मोजून एकोणीस माणसें उरलीं होतीं आणि सभा तहकूब झाली. पुढच्या सभेची तारीख लागली आहे. सुताराच्या मुलानें आतां मोजमाप पुस्तकाची नक्कल मागितली आहे. ती देण्याचे तीस दिवस ह्या महिन्याच्या अखेरीस भरतात. मुलांची वही माझ्या टेबलाच्या खणांत आहे, आणि ज्या मुलीनें प्रश्न विचारला होता तिची आई त्या दिवशीं रोजगार बुडवून येणार आहे.

— एक खेड्यांतला शाळामास्तर