दंतवैद्यांचा सल्ला : दाढ नवी, हिरडी तीच

प्रश्न : माझ्या यजमानांचे वय ५४. खालच्या दोन दाढा काढून वर्ष झाले. तिथे इम्प्लांट बसवायचे आहे. पण आमचे दंतवैद्य म्हणतात, आधी हिरड्यांचे उपचार, दाढांचे तीन महिन्यांनी बघू. दुसरीकडे आठवड्यात काम करून द्यायला तयार आहेत. ब्रश करताना रक्त येते, दुखत मात्र काहीच नाही. त्यांना मधुमेह आहे, सिगारेटही ओढतात. काय करावे?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : थांबायला सांगणाऱ्यांचे ऐका. दुखत नाही, हीच पायोरियाची खरी अडचण. तो वर्षानुवर्षे गुपचूप हाड खात राहतो आणि दात हलू लागल्यावरच माणूस दवाखान्याची पायरी चढतो.

इम्प्लांट म्हणजे हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. स्वीडनच्या ब्रानेमार्क यांनी १९६५ साली अशा स्क्रूंवर पहिल्यांदा रुग्णाला दात बसवले. हा स्क्रू किडत नाही; पण त्याला धरून ठेवणारे हाड आणि हिरडी तुमच्या यजमानांचीच ना! उरलेल्या दातांभोवतीचे जंतू तिथेही पोहोचतात, सूज येते, हाड झिजते. ही लागण एकदा झाली की आवरणे खऱ्या दातापेक्षाही कठीण.

हिरडी आणि दात यांमधली फट बारीक सळईने मोजतात. ३ मिलिमीटरपर्यंत ठीक. ५-६ भरली, तर हिरडी बधिर करून मुळांवरचे कीटण खरवडावे लागते. मग सहा ते बारा आठवड्यांनी पुन्हा मापे घेतात. तीन महिने जातात ते यात. न वाचणारे दात काढणे, किडलेल्यांचे रूट कॅनाल, हेही याच काळात उरकते.

सफाईने दात हलतात, असे शेजारीपाजारी सांगतीलच. दात आधीच सैल झालेले असतात. कीटणाच्या थराने ते जखडलेले असतात, इतकेच. सूज उतरली की हिरडी आक्रसते, फटी दिसू लागतात आणि काही दिवस थंड पाणी झोंबते. त्याला घाबरून उपचार अर्धवट सोडू नका.

सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त उलट कमी येते. तरीही येत असेल, तर आतली परिस्थिती तपासायलाच हवी. सिगारेट बंद व्हावी. कमी करून फारसे साधत नाही. रक्तातली तीन महिन्यांची सरासरी साखर तपासून घ्या. ती ७ च्या आसपास असेल, तर जखम भरायला मदत होते. हिरड्या सुधारल्यावर साखरही थोडी उतरते, हा वरचा फायदा.

आणि ते आठवड्याचे काम? स्क्रू तासाभरात बसतो, पण हाडाने तो धरायला बहुधा तीन महिने लागतात, दाढ त्यानंतरच. तेव्हा त्या दुसऱ्या दवाखान्यात एवढेच विचारा, की हिरड्यांची मापे घेतली का, आणि ती कागदावर लिहून द्याल का.