तोंड येते तेव्हा

कर्करोगाच्या उपचारांत तोंड आलेला माणूस सहसा बोलत नाही. सक्करसाथेतील पेढीवर उभे आयुष्य घालविलेल्या एखाद्या गृहस्थांपुढे सूनबाई ताट ठेवतात. ते दोन घास चिवडतात आणि ‘भूक नाही’ म्हणून ताट सरकवितात. भूक असते, परंतु घास फिरविताना तोंडात काच फिरल्यासारखे होते, आणि ते सांगण्याचा संकोच वाटतो.

हा संकोच महाग पडतो. तोंडाच्या वा घशाच्या कर्करोगावर किरणोपचार साधारणतः सहा ते सात आठवडे, आठवड्यातून पाच दिवस चालतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंडाची आतली त्वचा सोलवटते. केवळ केमोथेरपी असेल, तर पाच ते दहा दिवसांत हा त्रास सुरू होतो. खाणे सुटले की वजन घटते, अशक्तपणा येतो, किरणांत खंड पडतो. आणि खंड पडला की उपचाराचा गुण उणावतो. मोझरीचे तुकडोजी महाराज १९६८ साली कर्करोगानेच गेले. त्यांच्या नावाच्या नागपूरच्या कर्करोग रुग्णालयात वऱ्हाडातून जाणाऱ्या कुटुंबांनी गाडीच्या वेळेइतकीच ताटाचीही काळजी वाहिली पाहिजे.

उपाय साधे आहेत. जैन घरांत उकळलेले पाणी असतेच. ते कोमट झाल्यावर एका लिटरात एक चमचा मीठ व एक चमचा खाण्याचा सोडा घालावा, दर दोन-तीन तासांनी चूळ भरावी व थुंकावी. पाणी रोज नवे करावे. दात मऊ ब्रशने घासावेत, कवळी रात्री काढून ठेवावी. बाजारातील मद्यार्कयुक्त माउथवॉश टाळावा. डॉक्टरांनी वेदनाशामक दिले असल्यास ते जेवणापूर्वी केव्हा घ्यावे, हे विचारून घ्यावे. तंबाखू, सुपारी, खर्रा पूर्ण बंद. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी असूनही ही वस्तू गल्ल्याशेजारी मिळतेच, हे दुकानदारांना सांगावयास नको.

आपला कांदा-लसणाविना स्वयंपाक येथे सोयीचाच. फक्त मिरची, लिंबू, कैरी, पापड व कडक भाकरी दूर ठेवावीत. ज्वारीच्या कण्या दुधात मऊ शिजवून, तुपाची मूगडाळ-खिचडी, दुधी, दलिया, केळे, पनीर, गोड दह्याचा भात हे कोमट वा गार खाता येते. खिचडीत कच्चे दही कालवू नये, द्विदल होते. ते भातासच ठेवावे. कुणी मध सुचविल्यास त्यावाचून अडत नाही, असे निःशंक सांगावे.

खरा पेच सूर्यास्तानंतर उभा राहतो. किरणांनी लाळ आटते, मध्यरात्री जीभ टाळूला चिकटते, आणि चौविहाराचा नेम असलेले गृहस्थ पाण्याचा घोट नाकारतात. त्यांच्या निष्ठेविषयी आदरच आहे. परंतु पच्चक्खाणाच्या सूत्रातच आगार सांगितले आहेत, आणि त्यांतील एक समाधी टिकविण्यासाठी औषधोपचाराची मुभा देतो. पूर्वाचार्यांनी रुग्णाचा विचार व्रताच्या बाहेर ठेवला नाही, आत ठेवला. म्हणून उपचार सुरू होण्यापूर्वीच महाराज साहेबांकडे, दिगंबर घरांनी आपल्या मुनींकडे जाऊन विचारावे: चौविहाराऐवजी तिविहार चालेल काय, रात्रीची चूळ व औषध चालेल काय? आयंबिल, अठ्ठम पुढे ढकलावेत काय, हेही त्याच बैठकीत विचारावे. डॉक्टरांनाही आपले नेम सांगावेत. ते औषधांच्या वेळा दिवसात आणू शकतात. हा प्रश्न मध्यरात्री सूनबाईंनी एकटीने सोडवावा, अशी वेळ येऊ नये.

अंगात १००.४ अंशांवर ताप, तोंडातून रक्त, पांढरे चट्टे किंवा पाणीही गिळता न येणे, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालयास कळवावे. नाकातून अन्ननळी घालण्याचा सल्ला मिळाल्यास घर हादरते, पण ती नळी वजन राखण्यासाठी असते. तोंड भरून आले की काढतात. उपचार संपल्यावर बहुधा काही आठवड्यांत जखमा भरतात. चव परतावयास मात्र महिने लागतात, तोवर स्वयंपाकात मीठ कमी पडल्याची तक्रार झाल्यास सूनबाईंनी ती मनावर घेऊ नये.