मिरचीची पानं का रुसली?

दोस्तांनो, या आठवड्यात सातवीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. तिने घरातल्या सुक्या मिरचीच्या बिया आइस्क्रीमच्या रिकाम्या कपांत पेरल्या आणि कप स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवले. पाच रोपं वीतभर झाली. आता चार रोपांची पानं पिवळी पडून लोंबतायत आणि पाचव्याची मुरडलीयत. "काका, मी सकाळ-संध्याकाळ न विसरता पाणी घालते. आई म्हणते, फेकून दे सगळी," असं ती लिहिते.

थांब, फेकू नकोस! कपांना तळाशी भोकं आहेत का गं? पत्रात त्यांचा उल्लेख नाही, म्हणून माझा पहिला संशय तिथेच. मुळांनाही हवा लागते. माती सतत चिंब राहिली, की तिच्या कणांमधल्या हवेच्या जागा पाण्याने भरतात. मुळं गुदमरतात, कुजतात आणि मग त्यांना पाणी ओढताच येत नाही. म्हणजे पाण्यात उभं असलेलं रोप तहानेने मान टाकतं! आपल्याला वाटतं, पाणी कमी पडलं. आपण आणखी घालतो. (माझी पहिली सहा रोपं मी अशीच मारली.)

तेव्हा बाबांकडून कपांना तीन-चार भोकं पाडून घे. मातीत बोटाचं एक पेर खुपसून बघ, कोरडं लागलं तरच पाणी घाल. अगदी तळाची दोन छोटी, लांबट पानं पिवळी होऊन गळली असतील, तर ती काळजी सोड. ती बीजपत्रं. त्यांचं काम संपलेलं असतं.

आता पाचवं रोप. ते आजच इतरांपासून लांब ठेव. पानांच्या कडा वर वळून होडीसारखा आकार झालाय का? मग बहुधा फुलकिडे. खाली पांढरा कागद धरून फांदीवर टिचकी मार. बारीक, पिवळट रेघांसारखे किडे कागदावर चालताना दिसतील. कडा खाली वळल्या असतील, तर कोळी ही कीड असू शकते. ती इतकी बारीक, की भिंगाशिवाय दिसत नाही. दोन्हींसाठी एक लिटर पाण्यात चहाचा एक चमचा कडुनिंबाचं तेल आणि थोडं साबणाचं पाणी ढवळून, उन्हं उतरल्यावर पानांच्या खालच्या बाजूला फवार. आठवड्याने पुन्हा.

पण पानं बारीक, चुरगळलेली राहून रोपाची वाढच थांबली असेल, तर तो चुरडा-मुरडा असेल. हा विषाणू पांढरी माशी पसरवते. त्याला औषध नाही. ते एक रोप उपटून पिशवीत बांधून टाकावं लागेल, नाहीतर बाकीची चारही जातील. वाईट वाटेल, पण इथे आईचं ऐक.

आणि हो, घरात कुणी तंबाखू मळत असेल, तर त्यांना हात साबणाने धुतल्याशिवाय रोपांना शिवू देऊ नकोस. तंबाखू आणि मिरची एकाच कुळातल्या. तंबाखूतला विषाणू हाताबरोबर मिरचीवर येतो आणि पानांवर फिकट-गडद हिरवे डाग उमटतात. आजोबांना हे तूच सांग, तुझं ऐकतील!

एकदा मुरडलेलं पान पुन्हा सरळ होत नाही. तू शेंड्याच्या नव्या पानांवर लक्ष ठेव. पंधरा दिवसांनी ती कशी निघाली, ते मला कळव.