केबल सांगून तुटते
‘क्लचची केबल अचानक तुटली’ असं म्हणणाऱ्याने ती बाहेर काढून लिव्हरकडचं टोक निरखून पाहावं. निपलच्या, म्हणजे टोकाच्या धातूच्या गोळीच्या, अगदी गळ्याशी तारेचे काही पदर गंजून आधीच तुटलेले असतात, त्यांची टोकं कुसळासारखी बोटाला टोचतात. उरलेल्या पदरांनी शेवटपर्यंत ओढ सोसलेली असते. त्याआधी कित्येक दिवस क्लच जड लागत असतो आणि आपण ‘गाडी जुनी झाली’ म्हणून लिव्हर आणखी जोरात दाबत असतो.

तार तिथेच का तुटते? लिव्हर दाबताना निपल आपल्या खाचेत फिरायला हवं. तिथलं ग्रीस सुकलं की ते अडकतं आणि दर वेळी वाकते ती तार. म्हणून निपलला ग्रीस लावाच. आउटरच्या, म्हणजे तारेवरच्या नळीच्या, आत मात्र ग्रीस भरू नका, ते धूळ धरून घट्ट होतं. तिथे पातळ तेल हवं. ते सोडायला आधी ॲडजस्टर आत फिरवून त्याची, लॉक नटची आणि लिव्हरची चीर एका रेषेत आणली की तार सुटते. आउटरच्या तोंडाला प्लास्टिकच्या पिशवीचा कापलेला कोपरा बांधायचा, त्यात थोडं तेल ओतायचं आणि केबल उभी टांगायची. खालून आधी तांबूस-काळं पाणी मिसळलेलं तेल येतं, स्वच्छ थेंब येईपर्यंत थांबायचं. आतून टेफ्लॉनचं अस्तर असलेल्या काही केबलना तेल चालत नाही, तेवढं मॅन्युअलमध्ये बघून घ्या. पावसाळ्याच्या तोंडावर एकदा आणि दसऱ्याला गाडी धुवाल तेव्हा एकदा, एवढं पुरे.

बऱ्याच गॅरेजांत सर्व्हिसिंगला केबलचा ॲडजस्टर तेवढा ताणून देतात, हे मला मनापासून खटकतं. ताणल्याने गंज जात नाही. बहुतेक गाड्यांना लिव्हरच्या टोकाशी 10 ते 20 मिलिमीटर प्ले (मोकळी चाल) लागतो. तो संपवला की क्लच घसरतो, प्लेटा जळतात आणि केबलच्या कितीतरी पट खर्च गळ्यात पडतो. सर्व्हिसिंगला गाडी देताना ‘केबलला तेल सोडा’ असं स्पष्ट सांगा आणि सोडताना उभे राहा.

ॲक्सिलरेटरच्या केबलची तपासणी तर घरीच होते. गाडी न्यूट्रलला चालू ठेवून हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. रेस आपोआप वाढली, तर केबल कुठेतरी ओढली जातेय किंवा चुकीच्या वाटेने बसवलीय. वळणावर अशी रेस वाढली तर माणूस पडतो, तेव्हा ते दुरुस्त होईपर्यंत गाडी बाहेर काढू नका. आणि पदर सुटलेले दिसले, तर तेलावर भागवू नका, केबल बदला.