स्पीकरवरचा श्वास

पावसाळा सरला, बार्जेस पुन्हा मुंबई हायच्या तेलक्षेत्राकडे निघाल्या आणि भरतीच्या जाहिरातींत नेहमीचं वाक्य परत आलं : ‘शांत डोक्याचे डायव्हर पाहिजेत.’ वाक्य चुकीचं नाही, पण अर्धं आहे. शांत डोकं घरूनच घेऊन येणारे फार थोडे. बाकीच्यांचं डोकं कामावर शांत होतं, आणि त्याची जबाबदारी आपली, म्हणजे सुपरवायझरची आणि वरून डायव्हरची नळी सांभाळणाऱ्या टेंडरची.

एका बंदरात जेट्टीच्या खांबाशी एक नवा मुलगा उतरला होता. खोली जेमतेम 12 मीटर, पण पाणी इतकं गढूळ की हेल्मेटच्या काचेशी धरलेला हातही दिसेना. मध्येच स्पीकरवर त्याचा श्वास बदलला. आधी लांब, संथ. मग आखूड, धाप लागल्यासारखा. तोंडाने मात्र ‘ठीक आहे’ म्हणत होता. अंबिलिकल, म्हणजे वरून हवा पुरवणारी नळी, जुन्या तारेत अडकली होती. टेंडर ती ओढायला निघाला, त्याला थांबवलं. मुलाला एवढंच म्हणालो, ‘काम सोड. हात खांबावर ठेव. आधी श्वास पूर्ण बाहेर टाक.’ पाच-सहा श्वासांत आवाज खाली आला आणि अंबिलिकल चाचपत त्यानेच ती तार शोधली.

घाबरलेला माणूस वरवर श्वास घेतो, त्याने कार्बन डायऑक्साइड साठतो, त्याने गुदमरतं आणि भीती आणखी वाढते. 50 मीटरवर तर हवा सहापट दाट, शिवाय नायट्रोजनची धुंदी. यातून सावरणं फळ्यावर शिकवून भागत नाही.

18 सप्टेंबर 2012. नॉर्थ सीमध्ये जहाज जागेवर धरून ठेवणारी यंत्रणा बिघडली आणि सुमारे 90 मीटरवर ख्रिस लेमन्स या डायव्हरची अंबिलिकल तुटली. पाठीवरच्या बेलआउटमध्ये, म्हणजे आणीबाणीच्या सिलिंडरमध्ये, काही मिनिटांचाच गॅस. काळोखात चाचपडत त्याने कामाचा लोखंडी सांगाडा गाठला आणि त्यावर चढला. अर्ध्या तासाहून जास्त वेळाने साथीदार डेव्ह युआसाने त्याला तिथूनच उचलून डायव्हिंग बेलमध्ये आणलं. तो वाचला. नशिबाचा वाटा मोठा होताच. तरी मला मोलाचं वाटतं ते हे, की शोधणारे आधी कुठे बघतील याचं भान त्याला त्या वेळीही होतं.

असं भान रागावलेल्या डेकवर तयार होत नाही. ‘जमत नाही, वर येतो’ म्हणणाऱ्याला आपल्याकडे अजूनही हिणवलं जातं, पुढच्या ट्रिपला त्याचं नाव गळतं. मग पुढचा मुलगा धाप लागलेली असतानाही ‘ठीक आहे’च म्हणतो. डाइव्ह सोडून वर आलेल्याला आधी चहा द्या, मग काय झालं ते विचारा, आणि त्याचं नाव पुढच्या यादीत ठेवा.

हंगामाच्या पहिल्याच दिवशी नव्या मुलांना उथळ पाण्यात काच झाकून उतरवा. बेलआउटचा व्हॉल्व्ह नुसत्या हाताने शोधू द्या, दहा वेळा, वीस वेळा. आणि तेवढा वेळ स्पीकरपाशी दुसरं कुणी बोलू नये.