गाडीतली शेगडी

केंदूरच्या एका वाचकाचे पत्र आले आहे. या सदराकडे एरवी मधुमेह, गुडघेदुखी, पोरांचे जंत अशी पत्रे येतात. हे पत्र गाडीच्या दुरुस्तीचे आहे. गृहस्थांची स्वतःची टेम्पो ट्रॅव्हलर आहे आणि पंचक्रोशीतली वडीलधारी माणसे घेऊन ते चारधामची यात्रा काढतात. गेल्या खेपेआधी त्यांनी गाडीत डिझेलवर चालणारा हीटर बसवून घेतला. केंदूरला अंगणात लावून पाहिला तेव्हा झकास चालला. बद्रीनाथला मात्र तो सुरू होताना पांढरा धूर टाकू लागला, मध्येच बंद पडू लागला, आणि परत आल्यावर पाइप उघडला तर आत काजळीचा थर. "यावर उपाय काय?" असे त्यांनी विचारले आहे.

पत्रात धुराबद्दल दोन पाने आहेत. शेवटी एक ओळ आहे: मागच्या बाकावरच्या दोघा म्हाताऱ्या माणसांचे रात्रभर डोके दुखत होते, मळमळत होते, पण तो उंचीचा त्रास असावा, कारण सकाळी बाहेर उतरून चहा घेतल्यावर दोघांनाही बरे वाटले.

वाचकहो, माझ्या मते त्या पत्रात वाचण्यासारखी ओळ ती एकच. बद्रीनाथची उंची दहा हजार फुटांवर. ती सकाळी काही कमी झाली नव्हती. मग डोकेदुखी कुठे गेली? ती गाडीतच राहिली. उंचीच्या त्रासाने डोके दुखते, मळमळते, झोप लागत नाही, हे खरे. पण तो त्रास गाडीचे दार उघडून चार पावले चालल्याने अर्ध्या तासात ओसरत नाही. जो त्रास बंद जागेत वाढतो, मोकळ्या हवेत ओसरतो आणि एकाच जागी बसलेल्या दोघातिघांना एकाच वेळी होतो, तिथे पहिला संशय कार्बन मोनॉक्साइडचा घ्यावा.

हा वायू अर्धवट जळणातून तयार होतो. लाकूड, कोळसा, डिझेल, गॅस, काहीही जळताना हवा कमी पडली की तो निघणारच. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांना झोंबत नाही. रक्तातला जो लाल पदार्थ फुफ्फुसातून प्राणवायू उचलून शरीरभर पोचवतो, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून अधिक ताकदीने चिकटतो. एकदा चिकटला की लवकर सुटत नाही. साध्या हवेत त्याचे रक्तातले प्रमाण निम्मे व्हायला चारपाच तास लागतात. माणूस श्वास घेत असतो, छाती वरखाली होत असते आणि मेंदू मात्र प्राणवायूविना तडफडत असतो. झोपेत हे घडले तर जाग येतेच असे नाही. जाग आली तरी पायांत बळ राहत नाही, दारापर्यंत जाणेही होत नाही.

आता त्यांच्या हीटरकडे वळू, कारण दुखण्याचे मूळ तिथेच आहे. या यंत्रात एक छोटी बंद कोठी असते. पंप टकटक करीत थेंब थेंब डिझेल सोडतो, हीटर प्लग लाल होऊन ते पेटवतो, एक पंखा जळणासाठी हवा आत ढकलतो. ही हवा गाडीच्या खालून यावी आणि धूरही पाइपातून गाडीच्या खालीच जावा, अशी रचना असते. गाडीतली हवा निराळ्या वाटेने, कोठीच्या तापलेल्या धातूवरून फिरून गरम होते. दोन्ही हवांची भेट होता कामा नये. या हीटरची सगळी सुरक्षितता एवढ्या एका गोष्टीवर उभी आहे.

पांढरा धूर म्हणजे न जळलेल्या डिझेलची वाफ. बहुधा बॅटरीचा जोर कमी पडतो. प्लग तापायला बराच करंट लागतो आणि बारीक, लांबलचक वायर टाकलेली असली की वाटेतच व्होल्टेज गळते. थंडीत बॅटरीही मलूल झालेली असते. डिझेलच्या नळीत हवेचे बुडबुडे असले किंवा गारठ्याने डिझेल घट्ट झाले तरीही असेच होते. काजळीचे कारण निराळे. आपला शिरूर तालुका समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांच्या आसपास. बद्रीनाथला हवा विरळ, इथल्या साधारण पाऊणपट. पंप मात्र डिझेल तितकेच सोडतो. जळण जास्त, हवा कमी, म्हणजे काजळी आणि काजळीबरोबर तो वायूही. उंचीनुसार डिझेल कमी करण्याची सोय काही हीटरमध्ये असते, स्वस्तातल्या सगळ्यांत नसते. रात्रभर अगदी मंद आचेवर ठेवला तरीही काजळी धरते. शिवाय बंद करताना बॅटरीचा स्विच तोडायचा नाही. बटणाने बंद करून पंख्याला कोठी थंड करू द्यायची. नाहीतर तापलेला भाग तडकतो, वाकतो.

काजळी साफ करता येते, वायर बदलता येते, हे काम कोणताही हुशार मेकॅनिक करील. पण काजळीने पाइप चोंदला की धूर मागे वळतो आणि जिथे फट मिळेल तिथून निघतो. हीटरच्या बुडाखालचे पॅकिंग, पाइपाचा ढिला क्लँप, सायलेन्सरची नीट न मिटलेली शिवण, गाडीच्या तळाला वायरीसाठी पाडून तसेच ठेवलेले भोक, या साऱ्या फटींतून तो मागच्या बाकापर्यंत पोचतो. पाइपाचे तोंड दाराखाली किंवा खिडकीखाली आले असेल तर फटही लागत नाही. भिंतीला टेकून उभी केलेली गाडी आणि बर्फाने भरलेली खालची जागा यांनीही तेच होते. म्हणून पत्रलेखकांना माझे सांगणे असे, की धूर दिसेनासा झाला म्हणजे हीटर बरा झाला असे समजू नका. पाइप, पॅकिंग आणि कोठी जाणत्या माणसाकडून तपासून घेईपर्यंत तो हीटर लावूच नका.

आपल्याकडे हे दुखणे नवे नाही. बाळंतिणीच्या खोलीत वारा लागू नये म्हणून दारेखिडक्या लावायच्या, फटींत चिंध्या कोंबायच्या आणि बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवून शेक द्यायचा, ही रीत पुष्कळ घरांनी पाळली. मायलेकरू सुस्त पडले की "अंगात अजून भर नाही" म्हणायचे. त्यातली किती सुस्ती निखाऱ्यांची होती याचा हिशेब कुणी ठेवला नाही. उलट आपल्या आजीपणजीने पाण्याचा बंब मात्र अंगणात किंवा पडवीत ठेवला, न्हाणीत नाही. त्यांना रसायनशास्त्र ठाऊक नव्हते, पण धुराची जागा ठाऊक होती. आपण शिकलेल्यांनी तोच बंब गॅस गिझर करून खिडकी नसलेल्या बाथरूममध्ये नेला आणि वर कडी लावून घेतली. गॅस गिझर बाथरूमच्या बाहेरच हवा. याबाबतीत मला दुसरी बाजू दिसत नाही. पिलांच्या शेडमध्ये कोळसा पेटवून तिथेच राखणीला झोपणाऱ्यांनाही हेच लागू.

ज्यांना हे अतिशयोक्तीचे वाटेल त्यांच्यासाठी दोन घटना सांगतो. जानेवारी २०२० मध्ये नेपाळात दामन येथे केरळचे आठ पर्यटक एका खोलीत थंडीसाठी गॅसचा हीटर लावून झोपले. दारेखिडक्या बंद होत्या. आठही जण गेले, त्यांत चार लहान मुले होती. डिसेंबर २०२४ मध्ये केरळातच वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅरव्हॅनमध्ये दोन माणसे मृत सापडली. जनरेटरचा वायू आत शिरला होता. दामनला हीटर होता, वडकऱ्याला तोही नव्हता. एसी चालावा म्हणून इंजिन चालू ठेवून केबिनमध्ये झोपणारे ड्रायव्हर आपल्या चाकण-शिक्रापूर रस्त्यावरही रोज दिसतात. उत्तरेकडे कांदा घेऊन जाणारे थंडीत केबिनमध्ये कोळशाची शेगडीही ठेवतात. त्यांच्याविषयी तर काळजीच वाटते.

आता माझे मत. परदेशात लोक असे हीटर रात्रभर लावून झोपतात, हे मला ठाऊक आहे. पण तिथे बसवणारा प्रशिक्षित असतो आणि झोपायच्या जागेजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असतो. आपल्याकडे हीटर ऑनलाइन मागवला जातो, गॅरेजमध्ये अंदाजाने बसवला जातो, आणि अलार्मचा खर्च वाचवला जातो. या परिस्थितीत झोपण्यापूर्वी अर्धा तास गाडी उबदार करावी, हीटर बंद करावा, आणि घोंगडी पांघरून झोपावे. खिडकीची काच बोटभर उघडी ठेवावी, पण काच उघडी आहे म्हणून हीटर चालू ठेवू नये. गळती मोठी असली तर बोटभर फट पुरत नाही.

आणि अलार्म घ्यावाच. युरोपच्या प्रमाणाप्रमाणे बनवलेला अलार्म हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे तीनशे भाग झाले की तीन मिनिटांच्या आत ओरडतो, पन्नास भागांवर तास-दीड तासात. आगीच्या धुराचा अलार्म निराळा, तो इथे उपयोगाचा नाही. विकत घेताना गल्लत होते. यात्रेला जाणाऱ्यांनी पैसे भरताना जेवणात काय आहे हे विचारतो तसेच "गाडीत हीटर आहे का, असेल तर अलार्म आहे का?" हेही विचारावे. विचारायला कसली लाज? पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. कलबागांनी १९८३ पासून मुलांना हाताने काम करत शास्त्र शिकवण्याची वाट घालून दिली. जळण आणि हवा यांचा हा धडा आपल्या प्रत्येक शाळेने त्याच रीतीने, शेगडी समोर ठेवून शिकवावा असे मला वाटते.

प्रसंग आलाच तर आधी दारे उघडा, सगळ्यांना बाहेर काढा, मग हीटर किंवा इंजिन बंद करा. लिंबूपाणी, कांदा हुंगवणे यात वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा. करोनापासून घरोघरी आलेले बोटाला लावायचे ऑक्सिमीटर इथे फसवते. वायू चिकटलेले रक्त आणि प्राणवायू असलेले रक्त त्याला सारखेच दिसते, त्यामुळे ९८ आकडा पाहून निर्धास्त होऊ नका. दवाखान्यात डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, की आम्ही बंद गाडीत होतो आणि हीटर चालू होता. हे कळले तर ते लगेच मास्कने भरपूर ऑक्सिजन देतात आणि चार-पाच तासांचे काम तास-दीड तासात होते. न कळले तर डोकेदुखीची गोळी मिळते आणि रुग्ण पुन्हा त्याच गाडीत झोपायला जातो. गरोदर बाईला बरे वाटत असले तरी न्यावेच, कारण पोटातल्या बाळाच्या रक्तातून हा वायू आणखी उशिरा उतरतो. बेशुद्ध पडून बऱ्या झालेल्या माणसाकडे पुढे महिनाभर लक्ष ठेवा. विसरभोळेपणा, चिडचिड, चालताना तोल जाणे ही लक्षणे काही दिवसांनीही उमटतात, आणि घरचे ती वयावर ढकलतात. त्या दोघा म्हाताऱ्या यात्रेकरूंनाही कुणीतरी हे जाऊन विचारावे.